मदत हवी आहे: पाण्याची अ‍ॅनायसोट्रॉपी पीकच्या मध्यावर घसरते, निळ्या टोकाला उसळते

नमस्कार मंडळी,

अल्ट्राफास्ट इन्फ्रारेडवर (अतिशय छोट्या इन्फ्रारेड पल्सांनी रेणूंची हालचाल मोजण्यावर) काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा. पाण्याचा रेणू किती वेळात फिरतो ते मोजतेय: एक पल्स रेणूंना उत्तेजित करतो, मागून येणारा दुसरा त्यांचं शोषण तपासतो.

सॅम्पल: साध्या पाण्यात ५ टक्के जड पाणी. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) बहुतेक एचओडीच्या (एक साधा आणि एक जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) रूपात जातं आणि त्याचं ओडी स्ट्रेच (ऑक्सिजन-ड्युटेरियम बंधाचं ताणलं जाण्याचं कंपन) २५०० वेव्हनंबरच्या (दर सेंटिमीटरमधल्या लहरींच्या संख्येच्या) आसपास दिसतं. (शुद्ध पाणी का नाही? तिथे ओएचच्या कंपनाची ऊर्जा १०० फेम्टोसेकंदांच्या आतच शेजारच्या रेणूकडे जाते. मग एका रेणूचं फिरणं मोजणार कसं?) मध्ये ६ मायक्रॉनचा टेफ्लॉन स्पेसर, दोन्हीकडे कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या. लेसर १ किलोहर्ट्झचा टायटेनियम-सफायर, पुढे ओपीए (तरंगलांबी बदलणारा अॅम्प्लिफायर) आणि डिफरन्स फ्रिक्वेन्सी (दोन किरणांच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकातून इन्फ्रारेड), ४ मायक्रॉनला १०० फेम्टोसेकंदांच्या आसपासचे पल्स.

दोन्ही पल्सांचं पोलरायझेशन (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) समांतर आणि लंब ठेवून सिग्नल घेते आणि त्यातून रेणूंची दिशा किती टिकलीय हे सांगणारी अ‍ॅनायसोट्रॉपी काढते, म्हणजे वजाबाकी भागिले (समांतर अधिक दोनदा लंब). पीकच्या मध्यावर ती २.६ पिकोसेकंदांच्या कालमानाने घटायला हवी, पण माझी त्याहून बरीच लवकर शून्याकडे जाते. निळ्या टोकाला, २६२०च्या पुढे, नेमकं उलट: आधी थोडी उतरते, मग ०.४च्याही वर जाते आणि शेवटी नुसता गोंगाट. ब्लीचही (उत्तेजनामुळे घटलेलं शोषण) पूर्ण भरून येत नाही. गाईडचं मत, सॅम्पल तापतंय, फ्लो सेल (सॅम्पल सतत वाहतं ठेवणारी) लावा. इतक्या पातळ थरात फ्लो सेल जमवणं सोपं नाही, म्हणून आधी विचारतेय.

प्रतिसाद – जुनालेसर

ताई, गाईड अर्धे बरोबर आहेत. उष्णताच आहे, पण फ्लो सेलने जाणारी नव्हे. पल्सांच्या दोन जोड्यांमध्ये तुमच्याकडे १ मिलिसेकंद आहे. ६ मायक्रॉनच्या थरातली उष्णता त्याच्या कितीतरी आधी खिडक्यांत उतरते. तुम्हाला छळतेय ती त्याच पल्सची उष्णता.

ओडीचं कंपन साधारण १.८ पिकोसेकंदांत शांत होतं. ती ऊर्जा भोवतालच्या पाण्यात जाते, हायड्रोजन बंध थोडे सैल पडतात, आणि बंध सैल झाला की स्ट्रेचची फ्रिक्वेन्सी वर सरकते, शोषणही कमी होतं. म्हणून मध्यावर कायमचं ब्लीच उरतं आणि निळ्या टोकाला जास्तीचं शोषण येतं. या सिग्नलला दिशा नाही, समांतर आणि लंब दोन्हींत तो सारखाच. म्हणजे वजाबाकीत तो उडतो, छेदात मात्र राहतो. मध्यावर त्याचं चिन्ह (अधिक-उणे) ब्लीचसारखंच, त्यामुळे छेद फुगतो आणि अ‍ॅनायसोट्रॉपी उगाच लवकर पडते. निळ्या टोकाला चिन्ह उलटं, छेद शून्याकडे जातो आणि तुमचा आकडा आभाळाला भिडतो. दोन्ही लक्षणं एकाच दुखण्याची.

उपाय: ५० पिकोसेकंदांच्या पुढचा स्पेक्ट्रम घ्या. तो शुद्ध उष्णतेचा. मग तो कसा वाढत गेला ते मॉडेलमधून काढा (उत्तेजित अवस्था, मधली अवस्था, गरम पाणी) आणि अ‍ॅनायसोट्रॉपी काढण्याआधीच दोन्ही सिग्नलांतून वजा करा. गुणोत्तर काढून मग दुरुस्ती करू पाहाल तर हाती काही लागणार नाही.

धागाकर्ती

धन्यवाद दादा! एक शंका. उत्तेजित अवस्थेचं शोषण लाल (कमी फ्रिक्वेन्सीच्या) बाजूला असतं, तिथे ओडीचा उष्णता-सिग्नल नगण्य. मग सरळ तिथेच मोजलं तर?

प्रतिसाद – जुनालेसर

कल्पना चांगली, जागा वाईट. ते शोषण २३४०च्या आसपास येतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड २३४९ला ठाण मांडून बसलाय. पर्जची (यंत्राभोवती सोडलेली) हवा नुसती कोरडी असून भागत नाही, कार्बन डायऑक्साइडही काढलेला हवा. नायट्रोजनवर चालवत असाल तर बघा करून. शिवाय पाण्याचा २१३०चा रुंद पट्टा तापल्यावर हलतो, त्याची शेपटी तिथवर येते.

प्रतिसाद – नुसताचवाचक

विषय डोक्यावरून गेला, पण पाण्याचा रेणू किती वेळात फिरतो हे मोजून करायचं काय?

धागाकर्ती

छान प्रश्न :) पूर्वी समज होता की रेणू हळूहळू, बारीक झोके घेत दिशा बदलतो. लागे आणि हाइन्स या शास्त्रज्ञांनी २००६ साली संगणकावरून दाखवलं की तो हायड्रोजन बंधाचा जोडीदारच बदलतो आणि त्या वेळी साधारण ६० अंशांची एकदम उडी घेतो. साध्या स्पेक्ट्रममध्ये सगळ्या रेणूंची सरमिसळ होऊन एक रुंद पीक दिसतं, काळ दिसतच नाही. म्हणून हा खटाटोप. मीठ किंवा प्रथिनं घातली की हे फिरणं कितपत मंदावतं, हे पुढचं काम.

प्रतिसाद – जुनालेसर

आणि हो, तो ५० पिकोसेकंदांचा सिग्नल फुकटची कसोटीही आहे. तिथे समांतर आणि लंब तंतोतंत जुळले पाहिजेत. नाही जुळले तर मॉडेलकडे वळण्याआधी पोलरायझर आणि दोन्ही मोजण्यांमधलं स्केलिंग तपासा. सुरुवातीचे २०० फेम्टोसेकंद फिटमधून वगळा, तिथे पल्स एकमेकांवर चढलेले असतात. मधल्या अवस्थेचा काळ प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा सोडू नका, सगळ्या स्पेक्ट्रमला मिळून एकच ठेवा.

धागाकर्ती

उद्या लांबचे डिले (दोन पल्सांमधली वेळेची अंतरं) आधी घेते. दुरुस्त केलेला ग्राफ इथेच टाकेन.