सातवीच्या मुलांना अवतरण आणि संदर्भ द्यायला शिकवायचंय, साधन सुचवा (बजेट ३०० रु.)

वर्गशिक्षिका_दिंडोरी
नमस्कार. जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. आकारिक मूल्यमापनाचे प्रकल्प तपासायला घेतले की सगळ्यांचे परिच्छेद सारखेच. कुठून घेतलं विचारलं तर उत्तर एकच: "बाई, गूगलवरून." मुलं लबाड नाहीत. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव सांगायचं असतं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. त्यासाठी मराठीतलं एखादं पुस्तक, तक्ता किंवा कार्यपुस्तिका सुचवा. मुलं ३४, वर्गात मोबाईल एकच, तो माझा. खर्च ३०० रुपयांच्या आत, कारण तो मीच करणार आहे.

अभ्यासू_बाबा
मुलीसाठी एमएलए हँडबुकची (संदर्भ कसे द्यायचे ते सांगणारं इंग्रजी पुस्तक) नववी आवृत्ती घेतली आहे, २०२१ ची. त्याला तोड नाही. थोडं महाग आहे, पण एकदाच घ्यायचं. सोबत वर्गासाठी एक टॅब आणि प्रिंटर घ्या, संदर्भ आपोआप तयार करून देणारी अ‍ॅप्स असतात.

निवृत्त_मुख्याध्यापक
बाई, दोष मुलांचा नाही. स्टेशनरीच्या दुकानात प्रकल्पाची चित्रं मिळतात, मागे माहिती छापलेली. पालक आदल्या रात्री आणून चिकटवतात. आमच्या वेळी हस्तलिखित निघायचं आणि प्रत्येक लेखाखाली मुलाचं नाव असायचं. आधी तयार प्रकल्प घ्यायचे बंद करा, मग संदर्भाचं बघू.

बेकर्सफील्डची_आई
इथे अमेरिकेत कॉमन कोअरच्या (कोणत्या इयत्तेत काय यायला हवं याची, बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेली यादी) सातवीच्या लेखन-अपेक्षांमध्ये आठवी अपेक्षा हीच आहे: छापील आणि डिजिटल साधनांतून माहिती गोळा करायची, दुसऱ्याचं म्हणणं अवतरणात किंवा स्वतःच्या शब्दांत द्यायचं, उचलेगिरी टाळायची, संदर्भ ठरलेल्या पद्धतीने लिहायचा. मुलाच्या शाळेत कार्डं वापरतात. एका बाजूला पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, खाली लेखक आणि पान. मग कार्ड उलटं करायचं आणि मूळ वाक्य न बघता तेच आपल्या शब्दांत लिहायचं. हे "न बघता" फार महत्त्वाचं. समोर वाक्य असलं की मुलं दोन शब्द बदलतात आणि झालं म्हणतात.

अभ्यासू_बाबा
कार्डं हरवतात. अ‍ॅपच बरं.

स्वल्पविराम
मुळात अवतरणचिन्हंच येत नसतील तर पुढचं सगळं व्यर्थ. बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे असतील तर दुहेरी, एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर एकेरी. आजकाल वर्तमानपत्रंही मथळ्यात कुठलंही चिन्ह टाकतात.

निवृत्त_मुख्याध्यापक
मथळ्यात जागा नसते म्हणून एकेरी टाकतात. त्यात चूक काही नाही.

स्वल्पविराम
जागेसाठी नियम बदलत नाही, सर.

शेवटचं_प्रूफ
चिन्हांचा वाद बाजूला ठेवूया का? ताई, मी प्रकाशनात मुद्रितशोधन करते. माझ्या मते साधन तुमच्या शाळेच्या भिंतीवरच असेल. "विद्येविना मति गेली" बहुतेक शाळांत रंगवलेलं असतं. ते महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मधलं, पुस्तकाच्या अगदी सुरुवातीचं, १८८३ सालचं. साहित्य आणि संस्कृती मंडळाने 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' काढलंय. त्यातलं ते पान मिळवा आणि मुलांना भिंत आणि पान शेजारी ठेवून तपासायला सांगा. जुन्या छपाईत 'मति' ऱ्हस्व, भिंतीवर बहुधा दीर्घ. काही ठिकाणी "वित्ताविना शूद्र खचले" ही ओळच गाळलेली असते. मधली ओळ गाळली तर तीन टिंबं द्यावी लागतात, हे मुलांना तिथेच उभ्या उभ्या कळेल. आणि ही ओळ गाळली की फुले कुणाबद्दल बोलत होते तेच पुसलं जातं. नेमकं उद्धृत करणं म्हणजे फक्त शुद्धलेखन नव्हे, ते यासाठी.

तंत्रस्नेही_सर
वरच्या ताईंना अनुमोदन. मी म्हणेन भिंतीवरचे सगळेच सुविचार तपासा. खाली थोरांची नावं असतात, पण कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर, हे नसतं. बाबासाहेबांची भाषणं आणि लेखन राज्य शासनाने १९७९ पासून खंडांत छापलंय. 'बाबासाहेब म्हणाले' असं कुणी लिहिलं की खंड आणि पान विचारायचं.
एक सावधगिरी. माझ्या वर्गातल्या मुलाने एआयकडून संदर्भ लिहून आणले. लेखक, प्रकाशक, साल सगळं व्यवस्थित. त्यातलं एक पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मिळेना, म्हणून प्रकाशकाला फोन केला. असं पुस्तक त्यांनी कधी काढलेलंच नव्हतं.

अभ्यासू_बाबा
म्हणूनच चांगलं अ‍ॅप घ्यावं, फुकटचं नको.

वाईकर
विकिपीडिया बंद करा आणि मराठी विश्वकोश लावा. संकेतस्थळावर फुकट आहे. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, मोठ्या नोंदींना संदर्भग्रंथही. "हे कुणी लिहिलं" याचं उत्तर मुलांना तिथेच दिसतं.

तंत्रस्नेही_सर
विकिपीडिया बंद कशाला? तिथे तळाच्या संदर्भांवर जायला शिकवा.

परिसर_अभ्यास
बाई, सातवीच्या इतिहासाचा पहिलाच पाठ 'इतिहासाची साधने' आहे. भौतिक, लिखित, मौखिक. वेगळा तक्ता कशाला हवा? प्रत्येक परिच्छेदासमोर समासात लिहायला सांगा: कोणतं साधन, कुणाचं, कधीचं. सातवीला एवढं पुरे. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा टाइप कुठे हे कॉलेजात शिकतील.

स्वल्पविराम
स्वल्पविराम सातवीतच शिकायला हवा.

बेकर्सफील्डची_आई
मी वर म्हटलं तसं, कार्डं. शंभर कार्डं ३०० रुपयांत सहज बसतात.

वर्गशिक्षिका_दिंडोरी
सर्वांचे मनापासून आभार. सगळं वाचून वेगळंच ठरवलं आहे: रद्दीची मराठी वर्तमानपत्रं. पुस्तक एक आणि मुलं ३४ असली की पुढच्या बाकावरची वाचतात, मागची बघत बसतात. रद्दी किलोवर मिळते, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा अंक येईल. नाव, तारीख, पान क्रमांक सगळं वरच छापलेलं. शिवाय बातमीत दोन माणसं असतात, बोलणारा आणि लिहिणारा. "द्राक्षाचं नुकसान झालं असं तहसीलदारांनी सांगितलं" यात सांगणारे तहसीलदार आणि लिहिणारा वार्ताहर, हे मुलांनी दोन रंगांच्या पेन्सिलींनी अधोरेखित करायचं. मग तीच बातमी आपल्या शब्दांत, मूळ वाक्य एकच, अवतरणात. समासात कोण, कुठे, कधी. हे समासाचं परिसर_अभ्यास यांचं.
आमच्या भिंतीवर फुल्यांची ओळ आहे, पण ती दुसऱ्या सत्रात घेईन. आधी हाताला सवय लागू दे.

शेवटचं_प्रूफ
वर्तमानपत्रात वार्ताहराचं नाव नसतं बऱ्याचदा, नुसतं 'प्रतिनिधी' असतं. मी आधी भिंतच घेतली असती.

वर्गशिक्षिका_दिंडोरी
नसलं तर "लेखकाचं नाव दिलेलं नाही" असं लिहायचं. तेही शिकवायचंच आहे. सोमवारपासून सुरू करते.

अभ्यासू_बाबा
टॅब सेलमध्ये आलाय, लिंक देऊ का?