स्पार्कस्टेशन ५ नेटवर्कवरून उठत नाही, आरएआरपीवरच अडतंय

ध्रुवतारा:

एक स्पार्कस्टेशन ५ (सन कंपनीचं जुनं वर्कस्टेशन) मिळालंय, हार्डडिस्कशिवाय. बाकी तब्येत ठणठणीत. मेमरीची तपासणी पार पडते, ओके प्रॉम्प्ट येतो. त्यावर नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवायचीय, डेबियन लिनक्सच्या सर्व्हरवरून, डिस्क न लावता. याच सर्व्हरवरून साधे पीसी पीएक्सईने (पीसीची नेटवर्कवरून बूट होण्याची पद्धत) व्यवस्थित बूट होतात, म्हणजे डीएचसीपी (आयपी पत्ता देणारी सेवा) आणि टीएफटीपी (बूट फाइली पोचवणारी सेवा) चालू आहेत. पण इथे 'बूट नेट' दिलं की 'टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट' हीच ओळ परत परत. डीएचसीपीच्या लॉगमध्ये या मशीनचा मागमूस नाही. केबल बदलली, स्विचचं पोर्टही बदललं. जुनी स्कझी डिस्क शोधा असं कृपया सुचवू नका. ही मशीनं नेटवर्कवरून चालायची, आणि मला तेच पुन्हा चालताना बघायचंय.

तारायंत्र:

लॉगमध्ये दिसणारच नाही, कारण हे मशीन डीएचसीपी मागतच नाही. त्याच्या प्रॉमला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रॅमला, फक्त आरएआरपी येतं. तो १९८४ चा प्रोटोकॉल, आरएफसी ९०३. डीएचसीपी १९९३ मध्ये आला, आणि सनच्या प्रॉममध्ये तर आणखी उशिरा, अल्ट्रा मालिकेत. तुमचं मशीन आपला मॅक पत्ता (नेटवर्कवरची हार्डवेअरची ओळख) सगळ्यांना सांगून 'माझा आयपी कोणता?' एवढंच विचारतंय. हा प्रश्न राउटर ओलांडत नाही, त्यामुळे सर्व्हर त्याच लोकल नेटवर्कवर हवा.

डेबियनवर आरएआरपीडी (आरएआरपीला उत्तर देणारा प्रोग्रॅम) टाका. मग ईटीसीमधल्या ईथर्स फाइलीत मॅक पत्ता आणि त्यापुढे मशीनचं नाव लिहा. तेच नाव होस्ट्स फाइलीत आयपीसकट हवं, कारण मॅकवरून नाव आणि नावावरून आयपी असा शोध चालतो. यातलं एक जरी राहिलं तरी उत्तर जात नाही.

खरी अडवणूक मात्र पुढे आहे. लिनक्सचा आरएआरपीडी उत्तर देण्याआधी टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये त्या मशीनची बूट फाइल आहे का ते बघतो. नसेल तर गप्प बसतो. मला हे वागणं पटतं, कारण ज्याला बूट करता येणार नाही त्याला पत्ता देऊन काय उपयोग? पण तो मुळात टीएफटीपीबूट या फोल्डरात बघतो आणि डेबियनचा टीएफटीपीडी-एचपीए एसआरव्हीखालच्या टीएफटीपी फोल्डरातून फाइली देतो. तुमच्या पीएक्सईच्या फाइली तिथेच असणार. म्हणून आरएआरपीडीला 'बी' पर्याय देऊन तेच फोल्डर दाखवा. 'ई' पर्यायाने ही तपासणी बंदही करता येते, पण मी करणार नाही. फाइलीचं नाव चुकलं तर ते इथेच कळलेलं बरं.

नावाची रीत अशी: आयपीचे चारही आकडे हेक्समध्ये, मोठ्या अक्षरांत, सलग. त्यापुढे टिंब आणि मशीनचा वर्ग. १९२.१६८.१.१० साठी 'सी०ए८०१०ए.सन४एम'. १ चा '०१' आणि १० चा '०ए' होतो. पुढचं शून्य गाळलं तर फाइल सापडत नाही. या नावाने नेटबीएसडीच्या 'बूट.नेट' या लोडरची सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारं दुसरं नाव) करा.

नभांगण:

त्याआधी मशीन सुरू होताना दिसणाऱ्या बॅनरमध्ये मॅक पत्ता काय दिसतो ते बघा. या मशीनांत घड्याळ, सेटिंग्ज आणि मॅक पत्ता एकाच एनव्हीरॅम चिपमध्ये असतात आणि बॅटरी त्या चिपच्या पोटातच. ती संपली की पत्त्यात सगळीकडे एफएफ दिसतं आणि आयडीप्रॉम (मशीनच्या ओळखीची नोंद) अवैध असल्याचा संदेश येतो. ८:०:२० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर चिंता नाही.

ध्रुवतारा:

पत्ता ८:०:२० नेच सुरू होतो. तारायंत्र, फोल्डरचंच कारण होतं! 'बी' पर्याय देताच उत्तर गेलं, पडद्यावर हेक्स आकडे सरसर पळाले आणि बूट.नेट सुरू झालं. तो लोडर स्वतःचा आयपी बरोबर सांगतो आणि तिथेच थबकतो. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) येत नाही. बूटपॅरामडी (रूट फोल्डर कुठे आहे ते मशीनला सांगणारी सेवा) चालू आहे, बूटपॅराम्स फाइलीत रूटचा मार्ग लिहिलेला आहे, एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली वापरू देणारी सेवा) फोल्डर एक्सपोर्ट केलेलं आहे.

तारायंत्र:

वा, म्हणजे प्रॉमचं काम झालं. आता प्रश्न लोडर विचारतोय. सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणारं साधन) लावा आणि मशीनच्या मॅकवरचं सगळं बघा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा शेवटचा अनुत्तरित पॅकेट शोधा, कुठली सर्व्हिस गप्प आहे ते तो सांगतो.

पोर्ट १११ वर ब्रॉडकास्ट जातोय आणि परत काही येत नसेल, तर बूटपॅरामडी निर्दोष आहे. लोडर 'मी कोण?' हा प्रश्न आरपीसीबाइंडमार्फत, म्हणजे पोर्ट १११ वर ऐकणाऱ्या मध्यस्थामार्फत, पुढे पाठवायला सांगतो, आणि नव्या आरपीसीबाइंडने असं पुढे पाठवणं मुळातच बंद ठेवलंय. त्याला 'आर' पर्याय देऊन पुन्हा सुरू करा. सुरक्षेसाठी ते बंद ठेवलं हे योग्यच आहे, त्यामुळे हा सर्व्हर बाहेरच्या जाळ्याला उघडा ठेवू नका.

ते उत्तर मिळूनही अडलं तर एनएफएस बघा. जुन्या लोडरला व्हर्जन ४ कळत नाही आणि तो यूडीपीवर (टीसीपीऐवजीचा साधा प्रोटोकॉल) बोलतो. आजचा लिनक्स सर्व्हर यूडीपी आपणहून देत नाही, एनएफएसच्या कॉन्फ फाइलीत 'एनएफएसडी' खाली 'यूडीपी=वाय' लिहावं लागतं. लोडर व्हर्जन २ मागत असेल तर कर्नलही बघावा लागेल, अलीकडच्या कर्नलांत व्हर्जन २ चा सर्व्हर सहसा बंद असतो. एक्सपोर्टमध्ये 'नो_रूट_स्क्वॅश' विसरू नका, नाहीतर कर्नल येईल आणि रूट फाइलसिस्टिमवर लिहिताना परवानगी नाकारली जाईल.

ध्रुवतारा:

१११ वरच होतं. 'आर' दिलं, यूडीपी चालू केलं, आणि कर्नल आला. आता एनएफएसवर स्वॅप फाइल बनवतोय.