डी मारियाचे अंतिम सामने

अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू आन्हेल डी मारिया आयुष्यभर मेस्सीच्या सावलीत खेळला, हे मत मला अपुरे वाटते. अर्जेंटिनाने २००८चे ऑलिंपिक सुवर्ण नायजेरियाविरुद्ध १-० असे जिंकले, तर २०२१ची कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील देशांची स्पर्धा, माराकाना मैदानावर ब्राझीलविरुद्ध त्याच फरकाने. दोन्ही वेळचा तो एकमेव गोल डी मारियाचाच होता, आणि दोन्ही वेळा त्याने पुढे सरसावलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून मारला होता.

२०१४मध्ये बेल्जियमविरुद्ध मांडीच्या स्नायूला दुखापत झाल्याने त्याचा विश्वचषकाचा अंतिम सामना हुकला, आणि पुढच्या वर्षीच्या कोपा अंतिम सामन्यातही पहिल्या अर्ध्या तासातच त्याला मैदान सोडावे लागले. म्हणूनच २०२२च्या विश्वचषकात, उपान्त्य सामना न खेळलेल्या डी मारियाला प्रशिक्षक स्कालोनी यांनी अंतिम सामन्यात थेट डाव्या बगलेवर उतरवले, तो निर्णय मला विलक्षण धाडसी वाटतो. फ्रान्सच्या डेम्बेलेला चकवून त्याने पेनल्टी मिळवली, दुसरा गोल स्वतः केला, आणि तो ६४व्या मिनिटाला बाहेर गेला तेव्हा फ्रान्सच्या खात्यात एकही गोल नव्हता.

क्लबच्या बाबतीत बेन्फिका, रेआल माद्रिद, पॅरिस अशी नावे सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र रोसारियो सेंट्रल महत्त्वाचे वाटते, कारण कोळशाचे काम करणाऱ्या घरातला हा मुलगा जिथून निघाला, त्याच क्लबात तो २०२५मध्ये परतला.