गिझर कोणता घ्यावा? बजेट ६,०००, बोअरचं पाणी

शेंडेफळ: सातारा, तिसरा मजला, घरात आई आणि मी. जुना १५ लिटरचा गिझर गळतोय. ६,०००च्या वर एक पैसा नाही. काय घेऊ?

वाईकर_आबा: सोलर घ्या, २०० लिटर. माझा अकरा वर्षं चाललाय. पंपसुद्धा नाही, तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं. थोडे जास्त जातील.

शेंडेफळ: आबा, गच्ची सोसायटीची आहे. आणि ६,०००.

मीठभाकरी: सोलरवाल्यांनी जुलै-ऑगस्टबद्दलही बोलावं की! गॅस गिझर घे. नळ सोडला की कढत पाणी.

निशिगंधा: बाथरूममध्ये गॅस गिझर अजिबात नको!! कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास येत नाही. माझ्या चुलत बहिणीला दार फोडून बाहेर काढलं होतं.

मीठभाकरी: आमचा गॅलरीतच आहे, सांगायचं राहिलं.

हिशेबनीस: १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. १५ लिटर २० वरून ४५ अंशांवर न्यायचं तर १,५७५ किलोज्यूल, म्हणजे ०.४४ युनिट. २ किलोवॅटच्या गिझरला तेरा-चौदा मिनिटं. पाच स्टार असला तरी एवढी वीज जाणारच, स्टार फक्त तापलेलं पाणी किती वेळ टिकतं त्याचे. तासभर आधी बटण दाबून ठेवणाऱ्यांना नमस्कार.

वाईकर_आबा: सोलरला शून्य युनिट.

गंजका_नळ: अरे, गळतोय कुठून ते कोणी विचारलं का? टाकीतून की व्हॉल्व्हमधून? पाणी तापलं की फुगतं, दाब वाढतो, मग सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. ते पडायलाच हवेत. याच थेंबांवर एका प्लंबरने माझ्या गळ्यात नवा गिझर मारला. आणि बोअरचं पाणी फार कढत करू नकोस, क्षार तापल्यावरच कॉइलवर बसतात.

निशिगंधा: गॅस गिझर नकोच, पुन्हा सांगते.

शेंडेफळ: व्हॉल्व्हमधूनच गळायचा, तोही तापतानाच! पण आईने आज सकाळी ३०० रुपयांत भंगारात दिला. मामाकडून तांब्याचा बंब मागवलाय. पैसे वाचले म्हणून खूश आहे.

हिशेबनीस: तिसऱ्या मजल्यावर बंब? धुराचं काय?

शेंडेफळ: गॅलरीत विटा मांडून झाल्या. खालच्या काकूंना अजून सांगितलेलं नाही.

मीठभाकरी: भंगारवाला कुठला? आमचाही एक पडून आहे.