मदत हवी आहे: एक गुंठ्यातलं घर आपल्या मनासारखं बांधावं की पुढच्या गिऱ्हाइकाच्या?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात गोडोलीच्या पुढे आमचा एक गुंठ्याचा एनए प्लॉट आहे, म्हणजे १०८९ चौरस फूट. चारी बाजूंनी सोडायची जागा सोडून साधारण ६४० फुटांचं बैठं घर बसतंय. रस्ता दक्षिणेला. राहणार आम्ही दोघंच. मुलगा पुण्यात रमलाय, आमच्यामागे तो हे घर विकणार हे मी धरूनच चाललोय.

आम्हाला बेडरूम एकच हवी. उत्तरेची मोठी खोली सौ.च्या शिवणकामाला, कटिंगचं टेबलच सहा बाय चारचं, शिवाय दोन मशिनी आणि ओव्हरलॉक. वर मंगलोरी कौलं. माझं लहानपण कौलाखाली गेलंय, उन्हाळ्यात स्लॅबखाली दुपारी डोळा लागत नाही. आणि स्वयंपाकाचा ओटा ३० इंच उंचीचा.

ओट्यावरूनच सगळं सुरू झालं. रविवारी फक्की मारून आखणी केली. स्वयंपाकघराच्या चौकोनात सौ.ने विटा रचल्या, त्यावर प्लायचा तुकडा आणि घरून आणलेलं पोळपाट. रिकामंच लाटणं फिरवायची, एक थर काढायची, पुन्हा फिरवायची. खांदे वर जायचे थांबले तिथे टेप लावला, बरोबर ३० इंच. तिची उंची चार फूट अकरा. ठेकेदार म्हणाला, "वहिनी, ३३-३४ च्या खाली कुणी करत नाही. घर बघायला आलेली बाई आधी ओट्याशी उभी राहते." मग त्याने पाढाच वाचला: टू बीएचके करा, कौलं नकोत, दक्षिणेला दरवाजा नको. सौ. तेव्हापासून गप्प आहे, आणि ती गप्प असली की मला जास्त काळजी वाटते.

तर कुठे हट्ट धरावा आणि कुठे सोडावा? ज्यांनी बांधलेलं घर विकलंय किंवा विकत घेतलंय त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १

सिव्हिलमध्ये २२ वर्षं काढली, म्हणून लिहितो. काका, तुमच्या प्लॉटवर पैसा जागेला येणार आहे. बांधकाम जुनं होत जातं तशी त्याची किंमत उतरतच जाते. घेणारा ओट्यापेक्षा आधी विचारेल, वर मजला चढतो का? फुटिंग आणि कॉलम एक मजला जास्तीचा धरून डिझाइन करून घ्या. आत्ता थोडा खर्च वाढेल, पण पाया मागाहून वाढवणं परवडत नाही. जिन्याची जागा बाहेरच्या बाजूने राखा, वर भाडेकरू ठेवता येतो. कॉलमच्या सळया मात्र उघड्या सोडू नका, गंजतात. हलक्या मालाचं काँक्रीट चढवून झाकून ठेवा.

कौलं घाला की! छपराच्या कैच्या (कौलं पेलणारे त्रिकोणी सांगाडे) लोखंडी आणि बोल्टवर घ्या. घेणाऱ्याला नको असतील तर तो उतरवेल आणि स्लॅब टाकेल.

शिवणाच्या खोलीला बेडरूमसारखी खिडकी, एसीचा पॉइंट आणि कोपऱ्यात ड्रेनेजचं तोंड काढून ठेवा. झाली तुमची टू बीएचके, फक्त पलंग नाही एवढंच.

प्रतिसाद २

आम्ही कऱ्हाडला तयार घर घेतलं. ओटा पहिल्याच महिन्यात फोडला, तोही चांगला ग्रॅनाइटचा होता. ताईंना ३० च करू दे.

आमचं अडलं होतं ते कागदांवर. मंजूर नकाशा एक, बांधलेलं दुसरंच, भोगवटा दाखला नाही. बँक कर्जाला तयार होईना, शेवटी मालकाला भाव बराच खाली आणावा लागला. तेव्हा नकाशाबाहेर एक फूटही जाऊ नका. सिमेंट-सळईपासून सगळी बिलं मुलासाठी जपून ठेवा, विकताना नफ्यातून बांधकामाचा खर्च वजा होतो.

दक्षिणेचं मी स्वतः मानत नाही. पण मानणारे निम्मे गिऱ्हाईक दारातूनच परत जातात. फाटक दक्षिणेला राहू द्या, पोर्चमधून वळून दरवाजा पूर्वेला घ्या. आणि कौलांवर माकडं नाचतात, तो हिशोब धरा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. माकडांचं बरं आठवण करून दिलंत, शेजारी विचारून आलो. मागच्या वर्षी त्यांची ४० कौलं गेली! आता कौलांखाली पत्रा घालायचा का, म्हणजे फुटलं तरी गळणार नाही, पण मग उकाडा आणि पावसाचा आवाज? हे कुणी केलं असेल तर सांगा.

दरवाजा पूर्वेला वळवतोय, पोर्च तीन फुटांनी लांबला. आरसीसी डिझाइनवाला बुधवारी येणार आहे, जास्तीच्या मजल्याला किती सळई वाढते ते विचारून इथेच लिहितो. ओटा ३० इंच. प्लॉटवरच्या विटा सौ.ने अजून कुणाला हलवू दिलेल्या नाहीत.