शब्दचर्चा : ‘पॉलिसी नावावर करणे’ म्हणजे नेमकं काय?

तासगाव : घरातला कर्ता माणूस गेला की आपल्याकडे ‘पॉलिसी नावावर करून घ्या’ असं सर्रास म्हणतात. अर्जात मात्र दावेदार, नामनिर्देशित (म्हणजे नॉमिनी), अभिहस्तांकन असले शब्द भेटतात. यातला ‘नावावर करणे’ म्हणजे कोणता?

कराड : बहुतेक वेळा यातला कुठलाच नाही. ‘नावावर करणे’ सातबाऱ्यावरून आलंय. जमीन मालकामागे उरते, म्हणून फेरफार होऊन वारसांची नावं चढतात. ज्याच्या जिवाचा विमा तोच गेला, तर पॉलिसी उरत नाही, रक्कम उरते. तिथे शब्द ‘दावा’. मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, दावेदाराचं ओळखपत्र आणि बँक खात्याचा पुरावा लागतो. अडतं ते नावापाशी: दाखल्यावर ‘बाळू’, पॉलिसीवर ‘बाळासाहेब’. जिथे मृत्यूची नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी दुरुस्ती करून घ्यावी, मग दावा टाकावा.

विटा : मालकी खरोखर बदलते ती दुसऱ्या प्रसंगात. पॉलिसीधारक आणि विमित व्यक्ती वेगळ्या असतात तेव्हा. वडिलांनी लेकराच्या जिवावर पॉलिसी घेतली, तर धारक वडील, विमित लेकरू. ‘विमाधारक’ हा शब्द दोघांनाही लावतात, सगळा गोंधळ तिथूनच. माझ्या मते अर्ज भरताना तो वापरूच नये.

तासगाव : मग वडील गेले तर त्या पॉलिसीचा नॉमिनी कोण?

विटा : कोणीच नाही. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या जिवावरच्या पॉलिसीपुरतंच नामनिर्देशन करू देतं. म्हणून लेकराच्या पॉलिसीत ‘वेस्टिंग’ची तारीख पाहा, मराठीत ‘निहित होणे’. त्या दिवसापासून मालक तो मुलगाच, आणि नॉमिनी नेमायचा हक्कही त्याचा. तारीख यायच्या आत वडील गेले तर हप्ता माफीचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडून घ्यायची जादा सोय, घेतला होता का, हे पहिल्यांदा बघा. नसेल तर कागदपत्रं होईपर्यंत हप्ता थांबवू नका. हप्त्याची तारीख उलटल्यावर सवलतीचे दिवस ३०, मासिक हप्त्याला १५. त्यानंतर पॉलिसी बंद पडते आणि वारसांचं भांडण बंद पॉलिसीवर चालतं.

मिरज : ‘अभिहस्तांकन’ आणि गृहनिर्माण संस्थेच्या कागदांतलं ‘अभिहस्तांतरण’ एकच समजू नका. पहिलं असाइनमेंट, म्हणजे पॉलिसीचा हक्क दुसऱ्याला लिहून देणं; दुसरं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करणं. अभिहस्तांकन विमा कायद्याच्या कलम ३८ खाली होतं: मालकाची लेखी सही, किमान एक साक्षीदार, विमा कंपनीला सूचना. म्हणजे ते जिवंत मालकाचं काम. मयताच्या जागी वारसांनी सही करून चालत नाही. त्यांनी आधी स्वतःचा हक्क सिद्ध करायचा, पुढे हवं तर अभिहस्तांकन.

तासगाव : हक्क सिद्ध करायला तलाठ्याची वारस नोंद चालेल?

मिरज : नाही, ती जमिनीपुरती. तीन शब्द वेगळे ठेवा. ‘वारस नोंद’ गाव नमुना ६-क मध्ये. ‘वारस दाखला’ १८२७ च्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयाचा. आणि ‘वारसा प्रमाणपत्र’ १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं, तेही न्यायालयाचंच. येणं रकमेसाठी हे तिसरं मागतात. मयत जिथे राहत होता तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. पॉलिसी क्रमांक अर्जाच्या यादीत हवाच, राहून गेला तर प्रमाणपत्र त्या पॉलिसीला लागू होत नाही.

कराड : ‘नॉमिनी म्हणजे वारस’ हेही खोडून काढायला हवं. १९८३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार नॉमिनी रक्कम स्वीकारतो, वारसांचा हक्क तसाच राहतो. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नेमलं असेल तर ते लाभार्थी नॉमिनी झाले, म्हणजे रक्कम त्यांचीच. भाऊ किंवा पुतण्या नेमला असेल तर त्याला जुनाच अर्थ.

विटा : आणि कर्जासाठी बँकेकडे अभिहस्तांकित पॉलिसीत, याच दुरुस्तीनंतर, नामनिर्देशन रद्द होत नाही. बँकेच्या येण्यापुरतीच नॉमिनीची रक्कम कमी होते. उरलेली मागून घ्या.