तारीख नसलेला राजीनामा संस्थेकडे आहे. आता काय करावे?

खडूफळा:
राज्य मंडळाची विनाअनुदानित माध्यमिक शाळा. रुजू करून घेताना संस्थेने नेमणूक आदेशासोबतच स्टॅम्पपेपरवर राजीनामा लिहून सही घेतली, तारखेची जागा मोकळी ठेवली. नोकरीला दीड वर्ष झाले. आता ‘पट कमी झालाय, जूनपासून येऊ नका’ असे तोंडी सांगताहेत. बीएडची मूळ गुणपत्रिकाही त्यांच्याच कपाटात. तो कागद चालेल का? विनाअनुदानित शाळेला एमईपीएस (खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती कायदा) लागू नाही हे मुख्याध्यापकांचे म्हणणे खरे का? आणि जूनपर्यंत थांबावे की आत्ताच काही करावे?

नियमावली८१:
मधला प्रश्न आधी. १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती कायदा अनुदान पाहून लागू होत नाही. शाळा मान्यताप्राप्त खाजगी असली की पुरे. ‘विनाअनुदानितला लागू नाही’ हे वाक्य स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षे फिरते आहे आणि ते चूक आहे.

आता राजीनामा. या कायद्याचे कलम ७ अशाच प्रकारांना आळा घालण्यासाठी आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. म्हणजे उद्या संस्था तो कागद घेऊन उभी राहिली तर पहिला प्रश्न येतो: पोस्टाच्या शिक्क्याचे पाकीट कुठे आहे? पण सगळा भार पाकिटावर टाकू नका. राजीनामा खरोखर स्वखुशीने दिल्याचे इतर गोष्टींवरून दिसले, तर हातोहात दिलेलाही न्यायालयांनी मान्य केलेला आहे. मुद्दा स्वेच्छेचा आहे.

तिथे स्टॅम्पपेपर तुमच्या कामाला येतो. राजीनाम्याला स्टॅम्पपेपर लागतच नाही. त्यावर विक्रेत्याचा अनुक्रमांक, विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव असते. पेपर दीड वर्षापूर्वी संस्थेच्या माणसाने घेतलेला आणि राजीनाम्याची तारीख येत्या जूनची, असे निघाले तर वेगळा पुरावा शोधायला नको. इतर शिक्षकांकडूनही त्याच मजकुराचे कागद घेतले असतील तर तेही नोंदवून ठेवा.

आणि हो, आत्ताच पत्र द्या. मजकूर छोटा हवा: ‘रुजू होताना माझ्याकडून तारीख नसलेल्या कागदावर सही घेतली आहे. तो माझा राजीनामा नाही. तो राजीनामा समजला जाणार असेल तर मी तो या पत्राने मागे घेत आहे.’ स्वीकारण्याआधी राजीनामा मागे घेता येतो, म्हणून शेवटचे वाक्य गाळू नका. पत्र अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांना, प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाला. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा खिडकीवर रजिस्ट्रेशन आणि पोच दोन्ही मागून घ्या.

खडूफळा:
पत्र गेले आणि दुसऱ्याच दिवशी गेटवर अडवले तर?

आवकजावक:
तर तोंडी का होईना, सेवा संपवली असे धरून कामाला लागा. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना ईमेल आणि व्हॉट्सअॅप करा: ‘आज १०.४० ला हजर झाले/झालो, मस्टरवर सही करू दिली नाही.’ दोनतीन दिवस असेच हजर राहा. फोन बदलू नका, चॅट खोडू नका. व्हॉट्सअॅप पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

त्यानंतर १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील. मुदत ३० दिवस. सगळ्यात जास्त प्रकरणे इथेच बिघडतात. लोक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देतात, सुनावणीच्या तारखा घेतात, संस्थेचा कुणी नातेवाईक ‘मिटवून टाकू’ म्हणतो आणि चार महिने जातात. शिक्षणाधिकारी तुम्हाला परत कामावर घेण्याचा आदेश देऊ शकत नाहीत. उशीर माफ होतो, पण त्याला सबळ कारण द्यावे लागते. अर्ज करा, पण तिकडे उत्तर येईपर्यंत अपील अडवून ठेवू नका.

अपिलात आणखी एक वाक्य हवेच: ‘मी सध्या कुठेही नोकरी करत नाही.’ खरे असेल तरच. शिकवण्या घेत असाल तर तसे लिहा. मागील पगाराच्या (नोकरीबाहेर ठेवलेल्या काळाच्या पगाराच्या) बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे, तोही महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणातला. कर्मचाऱ्याने हे सांगितले की त्याला दुसरीकडे उत्पन्न होते हे दाखवण्याचा भार संस्थेवर जातो. वाक्य लिहायचे राहिले तर तेच विरोधात वापरतात.

सेवापुस्तक:
वरचे दोन्ही बरोबर, पण दीड वर्ष म्हणजे परिविक्षा (प्रोबेशन) चालू आहे, हे विसरून चालणार नाही. परिविक्षा दोन वर्षांची, शिक्षणसेवक म्हणून नेमणूक असेल तर तीन. काम समाधानकारक नाही म्हणून संस्था एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन कमी करू शकते, १९७७ च्या कायद्याचे कलम ५(३). मग संस्थेला राजीनाम्याचा खटाटोप कशाला? कारण नोटीस दिली की आदेश तयार होतो, त्याला अपील होते आणि असमाधानकारक म्हणजे काय हे दाखवावे लागते. परिविक्षेतल्या कामाचे मूल्यमापन लिहून ठेवणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. बहुतेक शाळांत ती फाईलच नसते.

न्यायाधिकरण सुरुवातीलाच विचारेल ते असे: शाळा मान्यताप्राप्त आहे का, जागा कायम होती का, नेमणूक रीतसर आणि पात्रतेनुसार झाली का. म्हणून जाहिरातीचे कात्रण, मुलाखतीचे पत्र, नेमणूक आदेश, बँकेचे पासबुक आजच गोळा करा. पाचवी ते आठवीला शिकवत असाल तर टीईटीचाही (शिक्षक पात्रता परीक्षेचाही) प्रश्न निघेल. आदेशात ‘एका शैक्षणिक वर्षापुरती’ असे असेल तर वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा, लपवू नका.

गुणपत्रिकेसाठी वेगळे पत्र द्या, राजीनाम्याच्या पत्रात मिसळू नका. सात दिवसांत परत द्या एवढेच लिहा. ताब्यात घेतल्याची पावती संस्थेने दिली नसेल तर ‘अमुक तारखेला अमुक कागद जमा केले’ अशी यादीच पत्रात टाका. दरम्यान विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करता येतो, पण त्यात ‘हरवली’ असे लिहू नका. हरवलेली नाही, संस्थेकडे आहे.